एका मतासाठी ७२ वर्षं



आज आपल्याला अमेरिकेच्या राज्यकारभाराची ओळख करून घ्यायची आहे. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका! बातम्या लागल्या की आपल्या कानावर पडतंच. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला, आणि कुठल्याशा न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. सिनेटनं एखादं विधेयक अडवून धरलं. एका राज्यात एक कायदा, तर शेजारच्या राज्यात अगदी उलट. मग मनात येतं, या देशात शेवटी चालतं तरी कुणाचं? आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं, भाचरं, नातवंडं आज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे आहेत. तेव्हा हा प्रश्न काही फार लांबचा राहिलेला नाही.

थोडक्यात उत्तर असं की, कुणा एकाचंच चालू नये म्हणून तिथली रचना मुद्दाम तशी केलेली आहे. पण एवढं ऐकून काही नीट कळत नाही. म्हणून आज आपण तिथल्या बायकांची एक गोष्ट घेऊ. त्यांना निवडणुकीत मत देण्याचा हक्क हवा होता. तो मिळवायला त्यांना किती दारं ठोठावावी लागली आणि प्रत्येक दारामागं कोण बसलं होतं, हे पाहिलं की त्या देशाचा कारभार आपोआप उलगडत जातो.

सुरुवातीपासून सुरुवात करू. १७७६ साली अमेरिकेतल्या १३ वसाहतींनी इंग्लंडच्या राजाचं राज्य झुगारलं. त्याच वर्षी मार्च महिन्यात अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स या बाईंनी आपल्या नवऱ्याला एक पत्र लिहिलं होतं. नवरा, जॉन अ‍ॅडम्स, तेव्हा फिलाडेल्फिया शहरात पुढाऱ्यांच्या बैठकीला गेलेला. अ‍ॅबिगेलबाईंचं म्हणणं असं होतं, की आता नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती बेलगाम सत्ता देऊ नका. नवऱ्यानं उत्तरात ते हसण्यावारी नेलं. हेच जॉन अ‍ॅडम्स पुढं देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यानंतर ११ वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, त्याच फिलाडेल्फियात ५५ पुरुष राज्यघटना लिहायला जमले. त्यांत बाई एकही नव्हती. सगळे गोरे, आणि त्यांतले अनेक जण गुलामांचे मालक. त्यांच्या मनात एक धास्ती होती. एका राजाच्या तावडीतून सुटलो, आता आपल्यातूनच दुसरा राजा उभा राहायला नको. म्हणून त्यांनी सत्तेचे वाटे केले. एकत्र कुटुंबात तिजोरीची किल्ली एकाकडे, हिशेबाची वही दुसऱ्याकडे आणि वाद झाला तर निवाडा तिसऱ्याकडे ठेवावा, तसंच काहीसं.

पहिला वाटा काँग्रेसचा. हे नाव ऐकून आपल्याकडचा पक्ष डोळ्यांपुढं आणू नका. तिथं काँग्रेस म्हणजे संसद. कायदे करणं, कर बसवणं, पैसा कुठं खर्चायचा ते ठरवणं, हे तिचं काम. तिची दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधीगृहात आज ४३५ सभासद आहेत. ज्या राज्याची लोकसंख्या जास्त त्याचे सभासद जास्त, आणि दर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा मतदारांपुढं जावं लागतं. दुसरं सभागृह सिनेट. तिथं प्रत्येक राज्याचे दोन, म्हणजे ५० राज्यांचे १०० सभासद असतात, आणि त्यांची मुदत सहा वर्षांची. राज्य लहान असो की मोठं, जागा दोनच. कॅलिफोर्निया राज्यात जवळपास ४ कोटी माणसं राहतात, तर वायोमिंगमध्ये सहा लाखसुद्धा नाहीत. पण सिनेटमध्ये दोघांचं वजन सारखं. वायोमिंग हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

दुसरा वाटा राष्ट्राध्यक्षांचा. कायद्यांची अंमलबजावणी, सैन्य, परराष्ट्रव्यवहार हे त्यांच्याकडे. आपल्याकडे पंतप्रधानांच्या मागं लोकसभेचं बहुमत लागतं, ते गेलं की सरकार पडतं. तिथं तसं नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळे निवडले जातात, आणि संसदेत त्यांच्या विरोधी पक्षाचं बहुमत असलं तरी ते पदावर राहतात. त्यांचे मंत्री संसदेचे सभासद नसतात. संसदेनं केलेला कायदा त्यांना पसंत नसेल तर ते तो नाकारू शकतात. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमतानं तोच कायदा पुन्हा मंजूर केला, तर राष्ट्राध्यक्षांचा नकार निकामी होतो. त्यांनी नेमलेल्या मंत्र्यांना आणि न्यायाधीशांना सिनेटची संमती लागते.

राष्ट्राध्यक्षांची निवडसुद्धा देशातली सगळी मतं एकत्र मोजून होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मतं असतात. ती एकूण ५३८ आहेत आणि जिंकायला २७० लागतात. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात लोकांची मतं जास्त पडली, पण निर्वाचक मतांत त्या मागं पडल्या आणि निवडणूक हरल्या, ती यामुळेच.

तिसरा वाटा न्यायालयांचा. सर्वोच्च न्यायालयात आज नऊ न्यायाधीश आहेत. त्यांना निवृत्तीचं वय नाही. स्वतः राजीनामा दिला नाही, किंवा महाभियोगानं काढलं नाही, तर ते मरेपर्यंत पदावर राहू शकतात. हेतू हा, की त्यांनी कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहू नये. संसदेचा एखादा कायदा घटनेच्या विरुद्ध असेल तर तो रद्द ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं या न्यायालयानं १८०३ सालीच एका निकालात सांगितलं.

आणि चौथा वाटा राज्यांचा. हा समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथल्या प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना आहे. राज्यपाल दिल्लीतून नेमून पाठवावा, तसा वॉशिंग्टनहून येत नाही. तो लोकांनी निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार खरोखर तोच चालवतो. जे अधिकार घटनेनं केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे, असा तिथला दंडक आहे. आपल्यासारखा देशभर निवडणुका घेणारा एक निवडणूक आयोगही तिथं नाही. निवडणुका राज्यं घेतात आणि प्रत्यक्ष काम जिल्ह्या-गावाचे अधिकारी करतात.

आता आपला मुद्दा. मत कुणाला असावं हे १७८७ च्या घटनेनं ठरवलंच नाही. ते राज्यांवर सोडून दिलं. राज्यांनी बहुतेक ठिकाणी ते मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. एक अपवाद होता. न्यू जर्सी राज्यात १७७६ पासून ठरावीक मालमत्ता असणाऱ्या अविवाहित आणि विधवा बायका मतदान करत होत्या. पण १८०७ साली तिथल्या विधिमंडळानं कायदा करून त्यांचा हक्क काढून घेतला. मिळालेला हक्क असाही जातो, मैत्रिणींनो.

पुढची ४० वर्षं फारशी हालचाल झाली नाही. मग जुलै १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या लहानशा गावी एक सभा भरली. तेव्हा अनेक राज्यांत लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा कायद्यानं नवऱ्याची असे. एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी त्या सभेपुढं एक जाहीरनामा ठेवला आणि त्यात मताची मागणी घातली. तिथं आलेल्या काही जणींनाही ती जरा अतीच वाटली. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस उभे राहिले आणि त्यांनी मागणीला पाठिंबा दिला. जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या, ६८ बायकांच्या आणि ३२ पुरुषांच्या. सही करणाऱ्यांत शार्लट वुडवर्ड नावाची हातमोजे शिवणारी एक तरुण मुलगी होती. तिचंही नाव लक्षात असू द्या.

नंतर अमेरिकेत यादवी युद्ध झालं, गुलामगिरी संपली आणि घटनेत नव्या दुरुस्त्या आल्या. १८६८ च्या दुरुस्तीनं अमेरिकेत जन्मलेल्या सर्वांना नागरिक ठरवलं. १८७० च्या दुरुस्तीनं सांगितलं, की वंश किंवा रंगाच्या कारणावरून कुणाचं मत नाकारता येणार नाही. बाई असण्याच्या कारणाचा मात्र त्यात उल्लेख नव्हता.

बायकांनी विचार केला, आपण नागरिक आहोत ना, मग मत आपलंच आहे. आणि त्यांनी पहिलं दार ठोठावलं ते न्यायालयाचं. १८७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सुझन अँथनी या सरळ मतदान केंद्रावर गेल्या आणि मत देऊन आल्या. त्यांना अटक झाली, खटला चालला. न्यायाधीशांनी ज्यूरीला विचार करायला वावच ठेवला नाही, दोषी ठरवा म्हणूनच सांगितलं. १०० डॉलर दंड झाला. अँथनीबाईंनी तो शेवटपर्यंत भरला नाही.

त्याच वर्षी मिसूरी राज्यात व्हर्जिनिया मायनर यांना मतदार म्हणून नाव नोंदवू दिलं नाही. त्यांनी दावा लावायचं ठरवलं. पण तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला एकटीनं दावा लावता येत नव्हता. म्हणून नवऱ्याला सोबत घेऊन त्या न्यायालयात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १८७५ साली सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला. बाई नागरिक आहे हे खरं, पण नागरिक असली म्हणजे मत मिळतंच असं घटनेत कुठं लिहिलेलं नाही, मत कुणाला द्यायचं ते राज्यांनी पाहावं. पहिलं दार असं बंद झालं.

मग दुसरं दार राज्यांचं. इथं आपलं वायोमिंग येतं. पश्चिमेकडचा हा उजाड, विरळ वस्तीचा प्रदेश. अजून राज्यही झालेला नव्हता. पण १८६९ च्या डिसेंबरात त्यानं बायकांना मत दिलं. १८९० मध्ये तो बायकांच्या मतासकट राज्य म्हणून संघराज्यात आला. १८९३ मध्ये कोलोरॅडोतल्या पुरुषांनी मतदान करून बायकांना मत दिलं. युटाची गोष्ट मात्र वेगळी झाली. तिथं १८७० मध्ये मत मिळालं, १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसनं कायदा करून ते काढून घेतलं आणि १८९६ मध्ये राज्य झाल्यावर ते परत मिळालं. प्रत्येक राज्यात नव्यानं सभा, नव्यानं सह्यांच्या मोहिमा, नव्यानं वर्गण्या. कितीतरी राज्यांत हार झाली. कॅलिफोर्निया मिळालं ते १९११ साली.

याच काळात आपल्या मराठी बायका तिथं पोचल्या होत्या. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. म्हणजे जिथं घटना लिहिली गेली त्याच शहरातून. तो पदवीदान समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या. पुढं रमाबाई अमेरिकाभर हिंडल्या आणि १८८९ साली त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. त्यात तिथल्या राज्यपद्धतीवर एक प्रकरण आहे आणि स्त्रियांच्या स्थितीवर दुसरं. जरा विचार करा. आनंदीबाईंना शिकवणाऱ्या फिलाडेल्फियातल्या बायका डॉक्टर घडवत होत्या, महाविद्यालय चालवत होत्या. पण राज्यपाल किंवा राष्ट्राध्यक्ष निवडायला मत देता येत नव्हतं. पेनसिल्व्हेनिया राज्यानं ते दिलंच नाही. शेजारच्या राज्यात मिळालं म्हणून आपल्याला मिळत नाही, ही संघराज्याची दुसरी बाजू.

म्हणून तिसरं दार, काँग्रेसचं. देशभर एकदम मत हवं तर घटनाच बदलायला हवी. आणि अमेरिकेची घटना बदलणं भलतंच अवघड. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत, शिवाय तीन चतुर्थांश राज्यांची संमती हवी. आपल्या घटनेत १९५० पासून १०० हून जास्त दुरुस्त्या झाल्या. त्यांच्या घटनेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत फक्त २७ झाल्या, आणि त्यांतल्या पहिल्या दहा तर १७९१ साली एकदमच आल्या होत्या.

स्त्रियांच्या मताची दुरुस्ती सिनेटमध्ये पहिल्यांदा १८७८ साली मांडली गेली. १८८७ साली मतदान झालं तेव्हा १६ बाजूनं आणि ३४ विरुद्ध. त्यानंतर कित्येक वर्षं ती धूळ खात पडली. १९०२ साली स्टँटनबाई गेल्या, १९०६ साली अँथनीबाई गेल्या. दोघींनीही हयातभर जिच्यासाठी काम केलं ती दुरुस्ती पाहिली नाही.

दार हलायला लागलं ते राज्यांमुळं. ज्या राज्यांत बायका मत देत होत्या, तिथल्या खासदारांना आता बायकांचं ऐकणं भाग होतं. १९१६ साली मोंटाना राज्यातून जेनेट रँकिन निवडून आल्या. काँग्रेसमधल्या त्या पहिल्या स्त्री सभासद. जानेवारी १९१८ मध्ये प्रतिनिधीगृहात या दुरुस्तीवर चर्चा सुरू झाली ती त्यांच्याच भाषणानं. दुरुस्ती तिथं मंजूर झाली. पण सिनेट अडून बसलं.

चौथं दार राष्ट्राध्यक्षांचं. जानेवारी १९१७ पासून अ‍ॅलिस पॉल आणि त्यांच्या मैत्रिणी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाबाहेर, व्हाइट हाउससमोर, फलक घेऊन मुकाट्यानं उभ्या राहू लागल्या. थंडीत, पावसात. अमेरिकन घटनेची पहिली दुरुस्ती बोलण्याचा, शांततेनं जमण्याचा आणि सरकारकडं दाद मागण्याचा हक्क देते. तरीही पदपथावर अडथळा केला म्हणून त्यांना तुरुंगात घातलं. तिथं काहींनी अन्न सोडलं, तेव्हा नळी घालून बळजबरीनं भरवलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्याच अपील न्यायालयानं यातल्या शिक्षा बेकायदा ठरवल्या.

राष्ट्राध्यक्ष होते वुड्रो विल्सन. आधी ते हा प्रश्न राज्यांचा आहे म्हणून टाळत. पण ३० सप्टेंबर १९१८ रोजी ते स्वतः सिनेटमध्ये गेले आणि दुरुस्ती मंजूर करा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सिनेटनं ती फेटाळली. दोन मतं कमी पडली! घटनादुरुस्तीत राष्ट्राध्यक्षांना मत नसतं आणि त्यांची सहीही लागत नाही. एवढा मोठा सत्ताधीश विनंतीच करू शकतो. फेब्रुवारी १९१९ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, एक मत कमी पडलं. तोवर निवडणुका होऊन गेल्या होत्या. नवं सिनेट बसलं आणि ४ जून १९१९ रोजी ५६ विरुद्ध २५ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली.

संपलं का? नाही. आता पुन्हा राज्यांच्या दारी. तेव्हा राज्यं ४८ होती, संमती ३६ राज्यांची हवी होती. १९२० च्या उन्हाळ्यापर्यंत ३५ झाली आणि गाडी अडली. मग ऑगस्टमध्ये टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरात विधिमंडळ बसलं. बाजूच्यांच्या कोटावर पिवळा गुलाब आणि विरुद्ध असणाऱ्यांच्या कोटावर लाल. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा आमदार लाल गुलाब लावून आला होता. पण त्याच्या खिशात आईचं पत्र होतं. फेब बर्न या विधवा, गावाकडं शेती सांभाळणाऱ्या. त्यांनी मुलाला लिहिलं होतं की बायकांच्या बाजूनं मत दे. १८ ऑगस्टला मतं बरोबरीत अडकली होती. हॅरीचं नाव पुकारलं, आणि तो ‘हो’ म्हणाला. टेनेसीची संमती झाली, ३६ चा आकडा पुरा झाला. २६ ऑगस्ट १९२० रोजी दुरुस्ती अंमलात आली. नंतर काही जणांनी तिला न्यायालयात आव्हान दिलं. पण १८७५ साली बायकांना परत पाठवणाऱ्या त्याच सर्वोच्च न्यायालयानं १९२२ मध्ये दुरुस्ती कायम केली, कारण आता ती घटनेतच लिहिलेली होती.

१८४८ ते १९२० म्हणजे ७२ वर्षं. सेनेका फॉल्सला सही करणाऱ्या ६८ बायकांपैकी तेव्हा एकटी शार्लट वुडवर्ड हयात होती. आता ती नव्वदीची आजी झाली होती. मतदानाच्या दिवशी ती आजारी होती, तिला केंद्रापर्यंत जाता आलं नाही.

या गोष्टीतून काय घ्यायचं? सत्तेचे वाटे केल्यामुळं एखादा माणूस उठून सगळं बळकावू शकत नाही, हा फायदा खराच. पण त्याच वाट्यांमुळं अन्यायालाही आडोसा मिळतो. याचा सगळ्यात कडू अनुभव काळ्या बायकांना आला. १९२० च्या दुरुस्तीनं एवढंच सांगितलं, की बाई आहे म्हणून मत नाकारू नका. बाकी नियम राज्यांचेच राहिले. दक्षिणेतल्या राज्यांनी मतासाठी कर लावले, वाचता येतं का म्हणून परीक्षा घेतल्या, आणि त्या काळ्या माणसांना मुद्दाम नापास करण्यासाठीच वापरल्या. १९६२ साली मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यावर राबणारी बाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. त्या दिवशी नाव तर लागलं नाहीच, उलट मळेवाल्यानं तिला घराबाहेर काढलं. ती मागं हटली नाही. तिच्यासारख्या अनेकांच्या लढ्यानंतर १९६५ साली काँग्रेसनं मतदान हक्क कायदा केला आणि मग केंद्राचे अधिकारी दक्षिणेत जाऊन नावं नोंदवू लागले. म्हणजे कागदावरचं मत हातात यायला तिथल्या काळ्या बायकांना आणखी ४५ वर्षं लागली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्याचा एक महत्त्वाचा भाग रद्द केला. तेव्हापासून कुठल्या राज्यात मतदानाचे नियम कसे बदलतात यावर पुन्हा वाद चालू आहेत.

आपल्याकडं पाहिलं तर मुंबई प्रांतात १९२१ साली बायकांना मत मिळालं, पण मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे थोड्याच जणींना. १९५० च्या घटनेनं मात्र एका फटक्यात सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत दिलं. आपल्या आज्या-पणज्यांना त्यासाठी राज्याराज्यातून वेगळं भांडावं लागलं नाही. तरीसुद्धा १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून वगळावी लागली. कारण उत्तरेकडच्या प्रांतांत, विशेषतः, त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशा नोंदी होत्या. हक्क घटनेत होता, पण यादीत नाव नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, अमेरिकेची गोष्ट ऐकून झाली की एक काम करा. आपलं नाव मतदारयादीत आहे का ते पाहा. लग्न होऊन सासरी आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या गावीच आहे का, घरातल्या १८ पूर्ण झालेल्या मुलीचं नाव घातलं का, तेही पाहा. नव्या नावासाठी नमुना ६ भरायचा, नावात किंवा पत्त्यात चूक असेल तर नमुना ८. गावातल्या बीएलओंकडं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडं, चौकशी करा. हे बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी, बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात, तेव्हा ओळखीचंच माणूस निघेल. आणि हे काम निवडणूक जाहीर होण्याच्या आधी करा. त्यानंतर धावपळ केली तर उपयोग होईलच असं नाही.

आजच्या विषयावर काही विचारायचं असेल तर आपल्या केंद्रावर पत्र टाका किंवा निरोप पाठवा. पुढच्या वेळी त्यांवर बोलू. नमस्कार.